बाळाचे पहिले घास आणि आपले स्वयंपाकघर

उष्टावणाचा मुहूर्त ठरला की घरात चांदीची वाटी, चमचा आणि खिरीची तयारी सुरू होते. हा संस्कार आनंदाचा खराच. परंतु त्यामागे शरीराचा एक रोखठोक हिशेबही आहे. गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोहाची ठेव घेते आणि जन्मानंतर त्या ठेवीवर वाढत राहते. आईच्या दुधातील लोह उत्तम पचते, मात्र त्याचे प्रमाण अल्प असते. सहाव्या महिन्याच्या सुमारास ठेव संपत येते आणि बाळाची वाढ तर वेगाने चालू असते. ही तूट बाहेरच्या अन्नानेच भरावी लागते. म्हणूनच पहिले ६ महिने केवळ स्तनपान, त्यानंतर पूरक आहार आणि त्याच्या जोडीने २ वर्षे वा त्याहून अधिक काळ स्तनपान, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

महिना मोजण्याबरोबर बाळाकडेही पाहावे. मान स्थिर झाली आहे, आधाराने बसता येते, तोंडात घातलेला घास जीभ बाहेर ढकलत नाही आणि मोठ्यांच्या ताटाकडे त्याचे डोळे लागले आहेत, ही तयारीची लक्षणे होत.

आपल्या घरांतील सुनांपुढे मात्र एक वेगळाच प्रश्न उभा राहतो. पुस्तके आणि मोबाईल गाजर, रताळे, बटाटा सुचवितात. लोहासाठी अंडे वा मांस सांगतात. यांतील काहीच आपल्याकडे चालत नाही. मग बाळ मागे पडेल काय? नीट नियोजन केले तर मुळीच नाही. रताळ्याची गोडी आणि गाजराचा रंग लाल भोपळ्यात आहे. बटाट्याचा मऊपणा उकडलेल्या कच्च्या केळ्यात मिळतो. दुधी, दोडका, मटार, पपई, चिकू आणि वाफवलेले नासपती ही यादी काही लहान नाही.

पहिला पदार्थ मूगडाळीचा गुरगुट्या भात असावा. दोन भाग तांदूळ व एक भाग मूगडाळ भरपूर पाण्यात शिजवून घोटावी, सुरुवातीला गाळणीतून चोळून घ्यावी आणि वर अर्धा चमचा साजूक तूप घालावे. पोट लहान असल्याने थोड्या घासांत अधिक शक्ती मिळावी, हे तुपाचे काम. लापशी पातळ करण्याचा मोह टाळावा. चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतकी ती दाट हवी. डाळीच्या पाण्याने पोट भरते, पोषण होत नाही. नाचणीचे पीठ भाजून, पाण्यात शिजवून, त्यात भिजवून वाटलेला खजूर घालावा. पुढे मसूर, बाजरी, राजगिरा आणि चालत असतील त्या दिवसांत पालेभाज्या याव्यात. वनस्पतीतील लोह सहज शोषले जात नाही. त्यासाठी लिंबाचे चार थेंब, संत्र्याचा रस किंवा पपईची फोड जोडीला द्यावी. चहा लोहाचे शोषण अडवितो. म्हणून बशीतील चहात बिस्किट बुडवून बाळाला भरविण्याची सवय बंदच करावी.

आरंभी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा पुरे. आठव्या महिन्यापर्यंत दोन-तीन वेळा अर्धी वाटी आणि नवव्यापासून तीन-चार वेळा, असे वाढवीत जावे. पहिल्या वर्षात मीठ व साखर नको. गाईचे दूधही मुख्य पेय म्हणून नको.

आपले काही नियम येथे वैद्यकशास्त्राशी सहज जुळतात. मध आपल्याला वर्ज्य आहे. डॉक्टरही एका वर्षाखालील बाळाला मधाचे बोट चाटवू देत नाहीत, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजांपासून घातक विषबाधा होऊ शकते. वाशी अन्न आपण टाळतो. तेव्हा आठवड्याचा गर करून बर्फाच्या साच्यात गोठविण्यापेक्षा मूठभर ताजे शिजविणे बरे. द्विदल पाळणाऱ्या घरांनी खिचडीत कच्चे दही न कालवता दहीभात वेगळ्या वेळी द्यावा. अंकुरित धान्य न चालणाऱ्यांनी नाचणी भिजवून, वाळवून, भाजून दळावी. अंजीर वर्ज्य असेल तेथे काळ्या मनुका भिजवून वाटाव्यात. सूर्यास्तापूर्वीचे शेवटचे जेवण आणि रात्री आईचे दूध, हा क्रमही बाळाला मानवतो.

आठव्या महिन्यानंतर मिक्सर बाजूला ठेवावा. गुळगुळीत गरावरच बाळाला फार काळ ठेवले तर पुढे चावून खाण्याचा कंटाळा येतो. वाफवलेल्या दुधीच्या बोटाएवढ्या फोडी, पिकलेली पपई, पनीरचे मऊ तुकडे, मूगाचे धिरडे, तूप लावलेल्या पोळीचा पापुद्रा हे पदार्थ हाती द्यावेत. कसोटी सोपी आहे : दोन बोटांत दाबल्यावर फोड चिरडली पाहिजे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, बदाम, लाह्या आणि कच्चे सफरचंद मात्र हाती पडू देऊ नये. ते श्वासनलिकेत अडकतात. द्राक्ष उभे चार भागांत चिरावे. बाळ बसलेले असावे आणि समोर मोठे माणूस असावे, दुकानाचा फोन आला तरीही. खोकत, आवाज काढत घास पुढे येत असेल तर घाबरू नये; आवाजच बंद झाला, चेहरा निळसर पडला तर तो गुदमरण्याचा धोका होय.

आता सर्वांत महत्त्वाचे. ब-१२ जीवनसत्त्व डाळी, भाज्या, फळांतून मिळत नाही. शाकाहारींना ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते. आईच्या शरीरातच ते कमी असेल तर तिच्या दुधातही कमी उतरते. अशी बाळे दिसायला गुटगुटीत असूनही निस्तेज होतात, शिकलेले हसणे-बसणे विसरतात, काहींचे हातपाय थरथरू लागतात. वेळीच उपचार न झाल्यास मेंदूच्या वाढीची हानी होते. म्हणून गर्भारपणी आणि स्तनपानाच्या काळात सुनेची रक्ततपासणी करून डॉक्टरांच्या सल्ल्याने पूरक गोळ्या द्याव्यात. त्याचप्रमाणे ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे सिरप देण्याची शासकीय योजना आहे; त्याविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. औषध घेतल्याने आपल्या आहाराला कमीपणा येत नाही.

बाळंतपणात सुनेला डिंकाचे लाडू आपण कौतुकाने देतो. त्याच कौतुकाने तिच्या तपासणीची तारीखही घरातील ज्येष्ठांनी लक्षात ठेवावी. बाळाच्या वाटीत काय येणार, हे पुष्कळसे तिच्या ताटावर अवलंबून असते.