आधी उतार, मग चढ!

सायकलवरून घाट उतरताना कशी मज्जा येते, नाही? पण स्पेनच्या मायोर्का बेटावर हीच मज्जा नंतर घाम काढते!

भूमध्य समुद्रातल्या या लख्ख उन्हाच्या बेटावर युरोपातले सायकल क्लब वसंतात सहलीला येतात. सगळ्यांना ओढ सा कालोब्राच्या घाटाची. १९३२ साली बांधलेला हा रस्ता एका जागी टायच्या गाठीसारखा फिरून स्वतःच्याच खालून जातो!

वळणांमागून वळणं घेत सायकली भर्रकन समुद्राशी येतात. पण थांबा! परतीचा रस्ता तोच. आता सुमारे साडेनऊ किलोमीटर चढ! पाय भरून येतात, दम लागतो. पुढे गेलेले मग माथ्यावर थांबतात. शेवटचा गडी पोचला, की क्लब पोचला!

तुमच्या सहलीत शेवटी कोण असतं? त्याच्यासाठी थांबता ना?