जुना ट्रॅव्हल ट्रेलर ताब्यात घेण्यापूर्वी

अमेरिकेत गाडीमागे जोडायचा जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेताना सगळ्यात आधी पाण्याचा माग काढावा. अनेक ट्रेलरच्या भिंतींत लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा सांगाडा, त्यावर पातळ प्लायवूड आणि बाहेरून फायबरग्लास असतो. छतावरच्या झरोक्यांभोवतीचं सीलंट तडकलं की पाणी आत मुरतं आणि वर्षानुवर्षं दिसतच नाही. म्हणून शिडी लावून छत पाहाच. आतले कोपरे, खिडक्यांखालची जागा, पलंगाखालची कपाटं बोटांनी दाबून बघा. मऊ लागलं तर आतलं लाकूड कुजलेलं असण्याची दाट शक्यता. बाहेरच्या भिंतीला फुगवटा असेल तर थर सुटलेत, आणि ही दुरुस्ती फार महागात जाते. ताज्या रंगाचा किंवा उग्र सुगंधाचाही मला संशयच येतो.

टायरची नक्षी शाबूत असली तरी वय बघा. बाजूच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे २३१९ असतील, तर तो २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातला.

फ्रिज गॅसवर आणि विजेवर, दोन्हींवर चालवून पाहा. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजला थंड व्हायला कित्येक तास लागतात. विक्रेत्याला तो आदल्या रात्रीच सुरू करायला सांगा. गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे.

चौकटीवरचा सतरा अक्षर-अंकी व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळख क्रमांक, मालकीच्या कागदाशी जुळला नाही, तर पैसे देऊच नका.