सिरिंजमधला मृतसाठा

उन्हाळ्यात इटियाडोह धरणाची बातमी आली की आमच्या अर्जुनी मोरगावकडचा शेतकरी त्यात एकच आकडा शोधतो, उपयुक्त साठा किती उरला. धरणात त्याच्या खालीही पाणी असतं, पण ते कालव्याच्या दारापेक्षा खालच्या पातळीवर. उन्हाळी धानाला त्याचा उपयोग नाही. हा मृतसाठा. दार कितीही उघडा, तेवढं पाणी तळाशी राहणारच.

सिरिंजलाही असा मृतसाठा असतो. दट्ट्या शेवटपर्यंत दाबला तरी सिरिंजच्या चोचीत आणि सुईच्या बुडाशी थोडा द्रव अडकून राहतो. सुई वेगळी बसवायच्या साध्या सिरिंजमध्ये तो ८० मायक्रोलिटरच्या आसपास भरतो, म्हणजे दीडेक थेंब. इन्सुलिनच्या सिरिंजमध्ये सुई नळीलाच पक्की जोडलेली असते, म्हणून तिथे उरतात जेमतेम दोन मायक्रोलिटर. सिरिंज एकदा वापरून फेकली तर या थेंबाशी कुणाला देणंघेणं नाही. ती दुसऱ्याच्या हातात गेली की मात्र सगळा खेळ या थेंबाचाच.

१९८०च्या दशकात मुंबईत ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीची हेरॉइन, आली. मराठीत ती ‘गर्द’ झाली आणि ओढणारा गर्दुल्ला. अनिल अवचटांनी तिच्याबद्दल लिहिलं; १९८६मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. तेव्हाचा गर्दुल्ला पन्नीवर पूड तापवून धूर ओढायचा. धूर शरीराची वाट लावतो, पण त्यातून रक्तातले विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत. पुढे काहीजण सुईकडे वळले. तेवढ्याच मालात जास्त नशा, एवढा साधा हिशेब.

सुई शिरेत गेली की नाही हे पाहायला दट्ट्या किंचित मागे ओढतात. नळीत लाल धागा शिरतो. दट्ट्या पुन्हा दाबला तरी त्यातलं थोडं रक्त मृतसाठ्यात राहतं. सुई टोचण्याच्या अपघातांसाठी दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना एक ढोबळ हिशेब शिकवतात: बाधित रक्ताची सुई हजार जणांना टोचली, तर लस न घेतलेल्यांपैकी हिपॅटायटिस बी ३०० जणांपर्यंत, सी ३० आणि एचआयव्ही ३ जणांना. नशेत हे टोचणं अपघाताने होत नाही, दिवसातून दोन-चार वेळा होतं. मणिपूरमध्ये १९८९च्या अखेरीस सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही शिरला आणि सहाएक महिन्यांत त्यांच्यातल्या निम्म्यांपर्यंत पोचला.

हिपॅटायटिस सी तर भलताच चिवट. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१०मध्ये दाखवलं, की जास्त मृतसाठ्याच्या सिरिंजमध्ये तो ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडू शकतो. कमी मृतसाठ्याच्या सिरिंजमधून तो फार लवकर नाहीसा होतो. शिवाय सुई आपापली असली तरी चमचा, पाणी आणि गाळायचा कापूस सामाईक असतो. ‘मी कुणाची सुई घेत नाही’ म्हणणाराही म्हणून सुटत नाही.

उपाय ऐकून पुष्कळांच्या भुवया वर जातात: जुनी सुई द्या, नवी घ्या, फुकट. १९८४मध्ये ॲमस्टरडॅममध्ये नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने ही पद्धत सुरू केली, तीही हिपॅटायटिस बीच्या भीतीने. मुंबईत १९९५पासून ‘संकल्प’ ही संस्था या लोकांमध्ये काम करते. सुईऐवजी जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सरकारी कार्यक्रमातही मिळते. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा कामाला फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिलं. ‘सरकार नशेला सुया पुरवतं’ हा आक्षेप मला पटत नाही. नशा त्या सुईची वाट पाहत थांबलेली नसते.

आणि आपण तरी कुठल्या तोंडाने बोलायचं? माझ्या लहानपणी आमच्या गावचा कंपाउंडर काचेची सिरिंज डबीत उकळायचा. सकाळी एकदा. मग ओट्यावरची रांग सरेपर्यंत तीच सिरिंज, मध्ये स्पिरिटचा बोळा. म्हाताऱ्यांना गोळीवर भरवसा नव्हता. सुई टोचल्याशिवाय ती उठत नसत. नळीत तापाचं औषध होतं की गर्द, विषाणूला त्याच्याशी काय?

हिपॅटायटिस सीवर लस नाही. पण २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात त्याच्या गोळ्या मोफत मिळतात. बहुतेकांना बारा आठवडे पुरतात आणि शंभरातले पंच्याण्णवहून अधिक बरे होतात. हिपॅटायटिस बीतून बरं झाल्यावर येते तशी आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मात्र यात येत नाही. बरा झालेला माणूस महिन्याभराने पुन्हा तीच जुनी सिरिंज हातात घेईल, तर विषाणू पुन्हा पहिल्यासारखाच लागतो. म्हणून गोळ्यांच्या पाकिटासोबत नव्या सिरिंजाही द्याव्या लागतात; जमल्यास कमी मृतसाठ्याच्या.