उड्यांचा हिशेब

लोखंडाची एक बारीक तार घ्या. दोन्ही टोके धरून कितीही ओढलीत तरी ती हाताने तुटणार नाही. आता तीच तार एका जागी काटकोनात वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. असे काही वेळा केलेत की ती अलगद तुटून हातात येते. शेवटच्या खेपेला तुम्ही काही जादा जोर लावलेला नसतो. मग ती नेमकी तेव्हाच का तुटली? कारण प्रत्येक वाकवण्याबरोबर तिच्यात एक सूक्ष्म तडा वाढत होता. अभियंते याला धातूचा थकवा म्हणतात.

हाडांचेही असेच होते, आणि या थकव्याशी आयुष्यभर झुंजलेल्या एका खेळाडूची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. त्याचे नाव बिल वॉल्टन. हा अमेरिकन बास्केटबॉलपटू जवळजवळ सात फूट उंच होता. १९७७ साली त्याने पोर्टलंडच्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले आणि १९७८ साली तो साऱ्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वय अवघे पंचवीस. पण त्याच १९७८ साली वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो एका महत्त्वाच्या सामन्यात उतरला, आणि नंतर क्ष-किरण चित्रात डाव्या पावलाचे एक हाड मोडलेले दिसले. घोट्याच्या पुढे पावलाच्या कमानीत हे छोटे हाड असते. त्याचा आकार होडीसारखा, म्हणून नाव ‘नॅव्हिक्युलर’. पुढच्या चार हंगामांत मिळून वॉल्टन फक्त १४ सामने खेळू शकला!

पावलातल्या एवढ्याशा हाडावर असा काय भार पडतो? गणितच करून पाहू. खेळाडूचे वस्तुमान सोयीसाठी १०० किलोग्रॅम धरू, म्हणजे वजन सुमारे ९८० न्यूटन. तो ६० सेंटिमीटर उंच उडाला आणि खाली आला. पाय टेकल्यावर त्याने गुडघे वाकवले आणि शरीर आणखी ३० सेंटिमीटर खाली जाऊन थांबले. एकूण ९० सेंटिमीटर खाली येताना गुरुत्वाकर्षणाने जे कार्य केले, ते सारे जमिनीच्या प्रतिक्रियेने ३० सेंटिमीटरमध्ये शोषून घ्यायचे. म्हणजे सरासरी बल वजनाच्या तिप्पट, सुमारे २,९४० न्यूटन. गुडघे ताठ राहिले आणि थांबायला १० सेंटिमीटरच मिळाले तर? ७० भागिले १०, म्हणजे वजनाच्या सातपट! (विद्यार्थी उडीची उंची बरोबर मांडतात, थांबण्याचे अंतर मात्र हमखास विसरतात.) शिवाय हे सरासरी बल झाले. क्षणिक कमाल बल याहून अधिक असते. दोन पावलांऐवजी एकाच पावलावर उतरलात तर सारा भार त्या एकावरच.

पावलाची कमान गाडीच्या स्प्रिंगसारखी थोडी दबते आणि धक्का सौम्य करते. वॉल्टनच्या पावलांची कमान जन्मतःच फार उंच होती. अशी कमान ताठ असते, कमी दबते, आणि धक्का हाडांकडे जातो.

हाड आणि तार यांत एक मोठा फरक आहे. हाड जिवंत असते. त्यातले सूक्ष्म तडे शरीर स्वतः भरून काढते; फक्त त्याला सवड हवी. दुरुस्तीपेक्षा मोडतोड वेगाने झाली तर हाड तारेसारखे मोडते. या होडीच्या आकाराच्या हाडाच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा बेताचा असतो, त्यामुळे तिथली दुरुस्ती मुळातच संथ.

१९८५ साली वॉल्टन बॉस्टन सेल्टिक्स या संघात आला. वय तेहतिशीला टेकलेले, पावलांवर अनेक शस्त्रक्रिया झालेल्या. त्याच्या जागेवर खेळणारा रॉबर्ट पॅरिश तिथे आधीच होता. जोडीला केव्हिन मॅकहेल आणि लॅरी बर्ड. म्हणजे गुण मिळवणाऱ्यांची वाण नव्हती. एकेकाळच्या सर्वोत्तम खेळाडूला बाकावर बसावे लागणार होते. त्याने ते पत्करले. पोर्टलंडच्या विजयी हंगामात तो दर सामन्याला सुमारे ३५ मिनिटे खेळत असे, बॉस्टनला सुमारे १९ मिनिटे खेळू लागला. मिनिटाला दोन उड्या धरल्या, तर ८० सामन्यांत ५,६०० उड्यांऐवजी झाल्या ३,०४०. दुरुस्तीची सवड मिळाली ती इथे.

पण नुसते कमी खेळून संघाचे काय भले होणार? वॉल्टनची खरी हुशारी पुढेच आहे. बास्केटवर आदळून उसळलेला चेंडू, म्हणजे रिबाउंड, पकडताच तो दूरवर धावत सुटलेल्या साथीदाराकडे फेकायचा. हे कसब त्याच्यात तरुणपणापासून होते. आता खेळाचा भर त्यावरच आला. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा सौदा फार किफायतशीर आहे. १०० किलोग्रॅमचा माणूस सेकंदाला ७ मीटर वेगाने धावत चेंडू पुढे नेतो, तेव्हा त्याची गतिज ऊर्जा २,४५० ज्यूल असते. ती पायांनीच निर्माण करायची आणि थांबताना पायांनीच शोषायची. चेंडूचे वस्तुमान सुमारे ०.६ किलोग्रॅम. तो सेकंदाला १५ मीटर वेगाने फेकला तर त्याची गतिज ऊर्जा ६७.५ ज्यूल. वेग दुपटीहून अधिक, ऊर्जा मात्र छत्तिसाव्या हिश्श्याएवढी! (स्नायूंचा प्रत्यक्ष खर्च दोन्हीकडे याहून जास्त असतो, हे खरे, पण तफावत तेवढीच बोलकी राहते.) आक्रमणातही तसेच. वॉल्टन बास्केटपासून थोडा दूर चेंडू धरून उभा राही, बर्ड पहारेकऱ्याला चकवून आत घुसे, आणि नेमका त्याच्या हातात चेंडू पोहोचे. धावण्याचे काम धडधाकट पायांकडे, नजरेचे काम वॉल्टनकडे.

आकडे पाहा. पोर्टलंडच्या त्या हंगामात त्याने दर १० मिनिटांमागे सुमारे ४.१ रिबाउंड मिळवले होते. बॉस्टनला ३.५. मोडक्या पावलांच्या मानाने ही घट किती थोडी! गुण मात्र ५.३ वरून ३.९ वर आले. त्यांची गरज बाकीचे भागवत होते. १९८५-८६ च्या हंगामात तो ८० सामने खेळला. त्याच्या आयुष्यातला हा उच्चांक. बॉस्टनने ८२ पैकी ६७ सामने जिंकले, अंतिम फेरीत ह्यूस्टनला ४-२ असे हरवले, आणि सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार वॉल्टनला मिळाला.

पुढच्याच हंगामात दुखापती पुन्हा उलटल्या आणि तो केवळ १० सामने खेळला. नंतर तर घोट्याचा सांधाच शस्त्रक्रियेने कायमचा जखडून टाकावा लागला. २०२४ च्या मे महिन्यात, वयाच्या ७१ व्या वर्षी तो वारला.

तुमच्या हातातली तार तुटली असेल, तर त्याच तारेचा दुसरा तुकडा घ्या. पहिला काटकोनात वाकवलात, हा अर्ध्या काटकोनातच वाकवा आणि किती वेळा वाकवल्यावर तुटतो ते वहीत मांडा. टोके टोचतात, जपून. कोन निम्मा केल्यावर आकडा दुप्पट येतो, की त्याहून अधिक? पाच-पाच तुकड्यांची सरासरी काढून मगच उत्तर द्या.