लॅपटॉपच्या पोटातली दुसरी विंडोज

लॅपटॉप सुरू होता होता अडकतो आणि दुकानदार सांगतो, ‘विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागेल.’ पैसे मोजण्याआधी हे लक्षात घ्या, की दुरुस्तीचं साहित्य बहुतेक वेळा त्याच डिस्कवर असतं.

चालू असलेली प्रणाली स्वतःच्याच फाइली पुसून नव्याने लिहू शकत नाही. त्यासाठी बाहेरून कुणीतरी लागतं. ते काम रिकव्हरी पार्टिशन करतं. डिस्कच्या या वेगळ्या भागाला सी किंवा डीसारखं अक्षर दिलेलं नसतं, म्हणून तो एरवी दिसत नाही. त्यात एक छोटी, स्वयंपूर्ण विंडोज असते. मुख्य विंडोज लागोपाठ सुरू होईनाशी झाली, की ही आपणहून पुढे येते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं तरी ती उघडते.

पूर्वी कंपन्या या भागात कारखान्यातली अख्खी प्रणाली साठवत; त्यात कित्येक जीबी जागा जाई. 2015 मध्ये आलेल्या विंडोज 10 ने पद्धत बदलली. ‘रीसेट’ करताना सी ड्राइव्हवरच्या मूळ फाइलींतूनच नवी प्रणाली उभी राहते. 2020 पासून ती इंटरनेटवरूनही उतरवून घेता येते. त्यामुळे हा भाग काहीशे एमबीवर आला.

पण ही काटकसर अंगाशी आली. 9 जानेवारी 2024 रोजी मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरच्या, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजमधल्या सोयीच्या, कुलपाला बगल देऊ देणारी एक त्रुटी बुजवण्यासाठी अपडेट दिलं. त्याला रिकव्हरी पार्टिशनमध्येच मोकळी जागा हवी होती. असंख्य संगणकांवर ती नव्हती आणि अपडेट अडकलं. उपाय म्हणून ते पार्टिशन हाताने 250 एमबीने वाढवायला सांगितलं गेलं. सामान्य माणसाला हे काम सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

मोठी मर्यादा वेगळीच आहे. डिस्कच बिघडली तर हा भागही तिच्यासोबत जातो. लिनक्स टाकताना जागेसाठी तो पुसणारेही पुष्कळ. रीसेट करताना ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर फोटो, कागदपत्रं राहतात. स्वतः टाकलेले प्रोग्रॅम मात्र जातात. डिस्कला बिटलॉकर असेल तर 48 अंकी किल्ली मागितली जाऊ शकते.

म्हणून लॅपटॉप धडधाकट असतानाच 32 जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, स्टार्टमध्ये ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ शोधून तो तयार करा, आणि बिटलॉकरची किल्ली कागदावर लिहून ठेवा.