धारपांची आजी पडद्यावर

आवडत्या पुस्तकावरचा चित्रपट पाहून बाहेर पडणारा वाचक गर्दीतही ओळखू येतो. बाकीची मंडळी गाडी कुठे लावली ते आठवत असतात. हा मात्र काय काय गाळले याचा हिशेब करीत असतो. वाशीच्या मल्टिप्लेक्समधून मी असे हिशेब करीत पुष्कळदा घरी आलो आहे.

२०१७ साली 'फास्टर फेणे' आला तेव्हा तर पै-पैचा हिशेब झाला. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे म्हणजे सायकलवरून सुसाट सुटणारा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. आदित्य सरपोतदारांच्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला! पण खुद्द भागवत दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने पडद्यावर अवतरले आणि आमचा निम्मा राग उतरला.

अद्भुत आणि भयकथांचे प्रकरण याहून नाजूक. नारायण धारप वाचताना प्रत्येकाने अंधार आपापल्या घरातला वापरलेला असतो. कुणी चाळीतल्या जिन्याचा, कुणी आजोळच्या माजघराचा. दिग्दर्शकाने सर्वांना पुरेल असा एकच अंधार आणावा कुठून?

राही अनिल बर्वे यांनी 'तुंबाड'मध्ये या प्रश्नाला दिलेले उत्तर मला पटले. धारपांची 'आजी' ही कथा त्यांना १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने सांगितली. तिचे मूळ आहे स्टीफन किंगच्या 'ग्रॅमा' या कथेत. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी धारपांनी मराठी घरात आणून बसवली आणि बर्व्यांनी तिला १९१८ सालच्या एका पडक्या घरात नेले. नाव सुचले श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. पण खोतांना भेटायला गेलेल्याची तिथे निराशाच होईल. सोन्याच्या हावेची गोष्टही बर्वे आणि त्यांच्या सहलेखकांनी नव्याने रचली. मग धारपांचे उरले काय? लहान पोराच्या हाती सोपवलेली म्हातारी आणि आपल्याच माणसाची वाटणारी भीती. कथेचा प्राण तोच होता. तो राखला, म्हणून बाकीच्या बदलांची तक्रार मी केली नाही.

२०१८ साली आलेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. त्या गर्दीत माझी कॉलेजात जाणारी मुलगीही होती. नेरुळला घरी आल्यावर ती दोन तास तेच बोलत होती. यामागे एक मराठी कथा आहे असे मी म्हणालो, तर तिचा विश्वास बसेना.

"बाबा, मराठीत असलं कोण लिहितं?"

हा प्रश्न मला हस्तरपेक्षा भयंकर वाटला. लेखक आपला, दिग्दर्शक आपला, माती आपली. पण चित्रपट हिंदीत, आणि पोर इंग्रजी शाळेत शिकलेली. तिचे मराठी वाचन दुकानांच्या पाट्यांपुरतेच. दोष तरी कुणाला द्यावा?

कपाटातून 'आजी' काढली आणि तिला मोठ्याने वाचून दाखवली. शेवट जवळ आला तेव्हा तिने पाय सोफ्यावर ओढून घेतले. झोपताना स्वयंपाकघरातला दिवा चालू ठेवायला सांगितला.

आता धारपांचे दुसरे पुस्तक तिने आपणहून मागून घेतले आहे. रोज दोन पाने होतात. जोडाक्षराशी अडली की हाक मारते. मी मुद्दामच दुसऱ्या खोलीत बसतो.