मायेचा उंबरठा

दांडियाबाजारातील जुने घर सोडून आम्ही वासण्यास बिऱ्हाड केले, तेव्हा मातोश्रींनी आठ दिवस अबोला धरला. पुढे अबोला सुटला. पण आमच्या मुलीच्या शिक्षणापासून रोजच्या स्वयंपाकापर्यंत आपलाच शब्द शेवटचा असावा, हा आग्रह काही सुटेना. 'नाही' म्हणावे, तर कृतघ्नपणा वाटे.

अशा वेळी बडोद्याच्याच इंदिराराजे आठवत. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी ठरलेला विवाह त्यांनी १९११ साली स्वतः पत्र लिहून मोडला आणि १९१३ साली लंडनमध्ये कुचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांना वरले. सयाजीराव व चिमणाबाई लग्नास गेले नाहीत. तथापि माहेर कायमचे तुटले नाही. पुढे इंदिराराजांची मुले आजोळी बडोद्यास येत राहिली. मर्यादा आखणे म्हणजे नाते तोडणे नव्हे, हेच खरे.

एका रविवारी आम्ही धीर करून म्हणालो, "आई, तुझा सल्ला हवाच, निर्णय मात्र आमचा असू दे."

त्या काही बोलल्या नाहीत. दिवाळीत मात्र नातीला जवळ घेऊन त्यांनी प्रथमच विचारले, "तुला काय शिकायचे आहे गं?"